पनवेलची निळी खुर्ची

या प्रवासाचा वृत्तान्त मी परतलो त्याच दिवशी वर्तमानपत्राला दिला होता. छापून आल्या चार ओळी. पनवेल येथे स्पर्धकांची निवड उत्साहात पार पडली, असा त्यांचा मथितार्थ. 'उत्साहात' हा शब्द माझा नव्हता. ज्या केशतेलाच्या कंपनीचा हा रेडिओवरचा कार्यक्रम होता, तिची जाहिरात आमच्या शेवटच्या पानावर रोज येई. बाकीचा मजकूर का गळला हे विचारायला मी गेलो नाही. तो माझ्याजवळ होता. तो इथे देतो, आणि त्यातलं एकही विधान मागे घ्यायचं नाही असं ठरवून देतो.

कार्यक्रम प्रश्नोत्तरांचा. गिरगावातल्या एका सभागृहात लोकांसमोर व्हायचा, तिथेच ध्वनिमुद्रित होऊन रेडिओवर जायचा. मंचावर दोन खुर्च्या असत, एक निळी आणि एक पिवळी. निळ्या खुर्चीवर बसणाऱ्याला निळ्या पाकिटातले कठीण प्रश्न, पिवळ्या खुर्चीवर बसणाऱ्याला पिवळ्या पाकिटातले सोपे. ऐकणाऱ्याला वाटे, सोपे प्रश्न ही सवलत असावी. तसं नव्हतं. पिवळ्या खुर्चीवर मुद्दाम असा माणूस बसवला जाई जो सोप्यालाही अडखळेल. तो अडखळला की पिपाणी वाजे आणि सभागृह हसे. निळा माणूस चुकला तर टाळ्या पडत. दर आठवड्याला नवं गाव. त्या आठवड्यात पनवेलची पाळी होती, आणि निवड कशी होते ते पाहून लिहायला मला पाठवलं होतं.

भाऊचा धक्का ते मोरा

आम्ही तिघे होतो. कंपनीचे प्रतिनिधी कर्णिक, वय पस्तिशीचं, पांढरे बूट. स्पर्धक निवडण्याचं काम त्यांचं. दुसरे सबनीस, निवृत्त शिक्षक. प्रश्न लिहिण्याचं काम त्यांचं. तिसरा मी.

लाँचवर सबनीसांनी मला आपली पद्धत समजावून सांगितली. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत शेदीडशे कार्डं. प्रत्येक कार्डावर एक प्रश्न आणि कोपऱ्यात एक आकडा.

"प्रश्न कठीण की सोपा, हे लिहिणाऱ्याला कळत नाही," ते म्हणाले. "मला सगळेच सोपे वाटतात. मीच लिहिलेले ना! म्हणून मी रस्त्यावर उभा राहतो. दहा अनोळखी माणसांना एकेकट्याला गाठून विचारतो. आठांना आलं तर पिवळं. तिघांना किंवा त्याहून कमी लोकांना आलं तर निळं."

"आणि मधले?"

"मधले बाद. कार्यक्रमाला मधलं काही चालत नाही."

मुंबईत दहा माणसं गाठायला त्यांना अर्धा दिवस लागे. बहुतेक लोक मनगट पुढे करून घड्याळ दाखवत आणि चालू लागत. तरीही त्यांनी एकही आकडा अंदाजाने टाकलेला नव्हता. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर गेला.

मोऱ्याला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. लाँच धक्क्याला लागेना. चिखलाच्या अलीकडे ती थांबली आणि माणसं एकेक करून होडीत उतरू लागली. कर्णिक बूट हातात घेऊन उतरले. सबनीसांचा पाय होडीच्या काठावरून सरकला. त्यांना खलाशाने दंडाला धरून वर ओढलं. पिशवी मात्र पाण्यात गेली.

"मास्तर, माणूस धरू का पिशवी धरू?" खलाशी वैतागून म्हणाला. मग त्यानेच काठीने ती वर काढून दिली.

कार्डं वाचता येत होती, कारण प्रश्न छापून घेतलेले होते. कोपऱ्यातले आकडे शाईचे होते. ते सगळे पुसले गेले.

गव्हाण फाटा

उरणहून पनवेलला जाणाऱ्या एस.टी.त सबनीसांनी ओली कार्डं मांडीवर, शेजारच्या सीटवर आणि माझ्या गुडघ्यांवरही वाळत घातली. दोन्ही बाजूंना मिठागरं होती. कोंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, पांढरे ढीग उभे होते आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून चालत होत्या.

गव्हाण फाट्याला एक बाई चढल्या. तिशीच्या, काठाचं सुती लुगडं, खांद्याला शबनम, हातात छत्री. बसायला जागा आमच्या समोरचीच होती. त्यांनी कार्डांकडे एकदा पाहिलं आणि चटकन मान वळवली.

"मास्तर, ते झाका," त्या म्हणाल्या. "रेडिओवाले ना तुमी? मी तुमच्याच परीक्षेला चाललेय. मना दिसता कामा नये."

सबनीसांनी घाईघाईने धोतराचा सोगा कार्डांवर ओढला. सगळी काही झाकली गेली नाहीत. बाईंनी आपली बैठक बदलली, पाठ आमच्याकडे केली आणि पनवेल येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बोलणं तसंच पाठमोरं झालं. नाव हिराबाई म्हात्रे. गव्हाणच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील आणि दोन्ही भाऊ मिठागरावर.

"तुमचा कार्यक्रम आमी ऐकतो ना चावडीवर," त्या म्हणाल्या. "मागं आमच्याच बाजूचा एक मानूस पिवळ्या खुर्चीवर बसवला व्हता. त्यानं तोंड उघडलं नाय तोवर लोक हसायला लागले. प्रश्न तर व्हायचा व्हता अजून. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली पोरं एकमेकांना त्याच्यासारखं बोलून दावत व्हती. सोताच्या बापासारखंच बोलत व्हती ती, आनि हसत व्हती."

मग त्या म्हणाल्या, "म्हनून मना निळी खुर्ची पायजे. चुकायचं तर कठीण प्रश्नाला चुकू."

हे वाक्य मी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

पनवेल, पहिला दिवस

आकडे गेले होते, म्हणून दुपारीच सबनीस मला घेऊन बाजारात निघाले. एका दिवसात वीस प्रश्न तरी पुन्हा मोजायचे, असा बेत होता.

पहिला माणूस किराणा दुकानदार. सबनीसांनी विचारलं, "जगातलं सर्वांत खोल सरोवर कोणतं?"

दुकानदाराने तराजू खाली ठेवला, बाहेर डोकं काढलं आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानात आवाज दिला, "अहो शेठ! सगळ्यात खोल सरोवर कुठलं हो?"

"कशाला पाहिजे?"

"मुंबईचे मास्तर विचारतायत!"

"थांबा, हुसेनभाईंना विचारतो."

"नाही नाही," सबनीस म्हणाले, "तुम्ही एकट्यानं सांगायचं."

"एकट्यानं?" दुकानदाराला हे पटेना. "का? मी काय गुन्हा केलाय?"

हुसेनभाई म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानाचे मालक. त्यांचा भाऊ बोटीवर होता. त्याने आणलेला एक जाडजूड नकाशांचा ग्रंथ गल्ल्यामागे ठेवलेला असे. पाच मिनिटांत उत्तर परत आलं. बैकल, रशियात. चौथ्या दुकानाशी आम्ही पोहोचलो तर शिंपी मशीन थांबवून वाटच पाहत होता.

"बैकल," तो म्हणाला.

"मी अजून विचारलं नाही," सबनीस म्हणाले.

"मग विचारा."

सुएझच्या कालव्याचं तेच झालं. सूर्याचा उजेड पृथ्वीवर किती वेळात येतो, याचं उत्तर एका डॉक्टरकडून निघून आमच्याआधी भाजीवालीपर्यंत पोहोचलं. तिने आम्हाला उलट विचारलं, "आन चांदन्यांचा?" संध्याकाळी सबनीसांनी वहीत आकडे मांडले. वीसपैकी एकोणीस प्रश्नांना दहापैकी दहा. विसाव्याला नऊ, कारण एक माणूस बहिरा होता.

मुंबईत लोक 'मला माहीत नाही' म्हणून निघून जात. इथे कुणाला माहीत नसणं ही एकट्याची बाब नव्हती. प्रश्न एकदा बाजारात पडला की तो बाजाराचा. हुसेनभाईंच्या दुकानात आम्ही चहा प्यायलो तेव्हा ते खुशीत होते. "क्या बात है! पनवेल पास झालं ना, साहेब?" सबनीसांच्याने त्यांना खरं सांगवलं नाही.

खाणावळीत मी जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी घेतली. सबनीस शाकाहारी, त्यांनी वालाचं बिरडं घेतलं. कर्णिकांना जेवण तिखट लागलं. वही पाहून ते म्हणाले, "गाव फुटलंय. यातला एकही प्रश्न वापरता येणार नाही, आणि इथल्या माणसाला निळी खुर्चीही देता येणार नाही. लोक म्हणतील, पढवून आणलाय. उद्या फक्त एक पिवळा निवडू आणि जाऊ."

"फसवलं नाही त्यांनी," सबनीस म्हणाले. "एकमेकांना विचारलं."

"तेच ते."

सबनीस ताटातला शेवटचा वाल बोटाने पुढेमागे करत राहिले.

पनवेल, दुसरा दिवस

निवड एका शाळेच्या हॉलमध्ये होती. स्पर्धक तीसेक, बघे त्याच्या चौपट. कर्णिक टेबलामागे बसले होते. समोर आलेल्याने नाव, गाव, व्यवसाय सांगायचा. एरवी ते सांगण्याच्या सुरावरच पाकिटाचा रंग ठरे. प्रश्न नंतर. मी एक तास शेजारी बसून हे पाहिलं. एक वकील नाव सांगून बसले आणि कर्णिकांनी यादीत निळी खूण केली. मग पनवेलला निळी खुर्ची द्यायची नाही हे आठवून ती खोडली.

हिराबाईंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, "मास्तरीन हाय" म्हणाल्या. कर्णिकांचा चेहरा उजळला.

"छान! तुम्ही येणार मुंबईला. पिवळी खुर्ची."

"निळी पायजे मना."

"पनवेलला निळी नाही या वेळी. पण तुमचं बोलणं फार छान आहे. पब्लिकला मजा येईल."

"मजा कुनाला?"

"लोकांना हो."

"कंच्या लोकांना?" हिराबाई म्हणाल्या. "हितं बसलेत त्यांना आली का मजा? हसला का कोन?"

हॉलमध्ये कुणी हसलं नव्हतं. हुसेनभाई मागच्या बाकावरून उठले. "साहेब, पनवेलला निळी का नाही?"

कर्णिकांनी कारण सांगितलं. सबंध बाजाराने उत्तरं वाटून घेतली, म्हणून. आधी क्षणभर कुणालाच समजलं नाही की यात चूक काय. मग समजलं, आणि एकच गलका झाला. किराणा दुकानदार टेबलापर्यंत आला. "तुम्ही विचारलंत, आम्ही शोधून सांगितलं. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं का? आणि शिक्षा या बाईला? ही तर काल बाजारात नव्हतीसुद्धा!"

"त्या बसमध्ये होत्या," कर्णिक म्हणाले. "कार्डं उघडी होती. मी पुढच्या सीटवर होतो, मला ठाऊक आहे."

तेव्हा मी उठलो. बातमीदाराने घटनेत पडू नये, असं मला शिकवलेलं आहे आणि ते मला मान्य आहे. पण घटना खोटी सांगितली जात असताना बसून राहणं हेसुद्धा त्यात पडणंच आहे. मी वही उघडून वाचलं. बाई गव्हाण फाट्याला चढल्या. कार्डं झाका असं त्या स्वतः म्हणाल्या. पनवेलपर्यंत पाठ करून बसल्या.

"तुम्ही वार्ताहर आहात, साक्षीदार नाही," कर्णिक म्हणाले.

"काम एकच आहे," मी म्हणालो.

मार्ग हुसेनभाईंनी काढला. सबनीसांनी दहा नवे प्रश्न लिहावेत, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर. गावातली दहा माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहतील, प्रत्येकाच्या हातात शाळेची पाटी. एकानेही तोंड उघडायचं नाही. अकरावी पाटी हिराबाईंची. "मग कळेल ना, प्रश्न कठीण किती ते? आणि बाई किती ते?"

सबनीसांनी चष्मा पुसला. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत आपल्याला ही युक्ती सुचली नाही, असं ते नंतर मला म्हणाले.

त्यांना प्रश्न लिहायला अर्धा तास लागला. तोवर दहा जण ठरले. वकील, डॉक्टर, दोन शिक्षक, शिंपी, दुकानदार, स्वतः हुसेनभाई आणि आणखी तिघे. पनवेलचे प्रतिष्ठित लोक पाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, हे दृश्य पाहायला बघ्यांची गर्दी खिडक्यांपर्यंत गेली. खरी कसोटी त्या गर्दीची होती. पहिला प्रश्न वाचल्याबरोबर मागून कुणीतरी "ते आपलं…" म्हणालं आणि शेजारच्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिसऱ्या प्रश्नाला शिंपी नुसता हुंकारला तर दुकानदाराने भिंतीकडेच पाहत बजावलं, "ए, गप! बाईची खुर्ची जाईल!" ज्या गावात आदल्या दिवशी एकही उत्तर एकट्याजवळ राहिलं नव्हतं, तिथे त्यानंतर दहा प्रश्न संपेपर्यंत पाटीवरच्या पेन्सिलीखेरीज आवाज आला नाही.

सबनीसांनी पाट्या गोळा केल्या आणि सगळ्यांसमोर तपासल्या. दहापैकी सहा प्रश्न निळे ठरले. भिंतीजवळच्यांत सर्वांत जास्त डॉक्टरांना आले, पाच. वकिलांना तीन. हुसेनभाईंना दोन. ग्रंथाशिवाय आपण कुणी नाही, असं त्यांनी जाहीरच केलं. हिराबाईंना सात आले होते. त्यांतले चार निळे.

टाळ्या थांबेपर्यंत कर्णिक यादी चाळत राहिले. मग त्यांनी सौम्य आवाजात तोडगा काढला. "ठीक आहे. निळी खुर्ची देतो. पण रेडिओ आहे हा. बोलणं तेवढं शुद्ध करून या."

हिराबाईंनी छत्री टेबलाला टेकवून ठेवली.

"शुद्ध मराठी मला येते," त्या म्हणाल्या. प्रत्येक अक्षर स्वच्छ, एखादा धडा वाचावा तसं. "मी वर्गात रोज तीच शिकवते. आपण म्हणाल तितका वेळ तीच बोलू शकेन. आपल्या परीक्षेत तिला गुण नव्हते, म्हणून आत्तापर्यंत बोलले नाही." एवढं बोलून त्यांनी छत्री पुन्हा हातात घेतली. "आनि खुर्चीवर बी नाय बोलनार. माझी पोरं ऐकनार हायत."

"मग शक्य नाही," कर्णिक म्हणाले आणि त्यांनी वही मिटली.

सबनीस उठले. बुटकी, किरकोळ मूर्ती. मला वाटलं, ते समेट घडवायला उठले असतील. त्यांनी टेबलावरचं निळं पाकीट उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

"खुर्च्या कंपनीच्या आहेत, प्रश्न माझे आहेत," ते म्हणाले. "या बाई निळ्या खुर्चीवर बसणार नसतील तर या आठवड्यात मी प्रश्न देणार नाही. दोन्ही खुर्च्यांवर तुम्हीच बसा."

"सबनीस, तुम्हाला कळतंय का काय बोलताय?"

"हो. कठीण काय ते मोजण्यात माझा जन्म गेला. इतकं सोपं उत्तर मला क्वचितच आलंय."

कर्णिकांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, घातलं. शेवटी वही उघडून त्यांनी नाव लिहिलं. रंगाची खूण निळी होती. ती मी डोळ्यांनी पाहिली.

परतल्यावर

गिरगावच्या सभागृहात मी त्या आठवड्याला स्वतःहून गेलो. हिराबाई निळ्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पहिल्या प्रश्नाच्या आधी त्यांना नाव विचारलं गेलं, तेव्हा "मी गव्हानची हाय" या शब्दांवर मागच्या रांगांतून हसू आलं. पहिलं उत्तर बरोबर आलं तेव्हा ते कमी झालं. तिसरं बरोबर आलं तेव्हा ते ऐकू येईनासं झालं.

चौथा प्रश्न होता: विषुववृत्त आणि मकरवृत्त ही दोन्ही ज्यातून जातात असा देश कोणता? पनवेलहून परतल्यावर दादरच्या रस्त्यावर तो दहांपैकी एकालाच आला होता, असं सबनीसांनी मला मागाहून सांगितलं. हिराबाईंनी डोळे मिटले. ओठ हलत होते, त्या मनातल्या मनात नकाशा चाचपडत असाव्यात. वेळ संपल्याची घंटा झाली.

"नाय ठावं," त्या ध्वनिक्षेपकात स्पष्ट म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. निवेदकाने त्यांचे आभार मानले आणि हात विंगेकडे केला. चुकलेल्याला बरोबर उत्तर सांगण्याची तिथे पद्धत नव्हती. तोच प्रश्न पुढे दुसऱ्या गावाला वापरता येई. हिराबाई उठल्या नाहीत.

"उत्तर काय त्याचं?" त्यांनी विचारलं.

निवेदक हसला. त्याने दुसऱ्यांदा आभार मानले. ध्वनिमुद्रण चालू होतं. विंगेत कर्णिक हाताने खुणा करत होते.

"मी उठते, पन उत्तर सांगा. सोमवारी पोरं विचारतील मना."

मग विंगेतून सबनीस पुढे आले. ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचायला त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या.

"ब्राझील," ते म्हणाले.

हिराबाईंनी शबनममधून वही काढली, खुर्चीवर बसूनच ते लिहून घेतलं, वही परत ठेवली आणि मग उठल्या.